पोस्टमनच्या घरातली

आयर्लंडमधल्या कासलबारजवळच्या आमच्या गावात सामना असला की लोक मैदानात बसूनही कानात रेडिओ लावतात. डोळ्यांना दिसतं तेवढं पुरत नाही, ते आमच्या समालोचकांच्या तोंडून ऐकायचं असतं. हे गृहस्थ आठवडाभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे आणि रविवारी त्याच दमात गेलिक फुटबॉल, म्हणजे इथला हातानेही खेळायचा फुटबॉल. चेंडू हातात आला रे आला की खेळाडूचं अख्खं घराणं बाहेर काढायचे. हिचा आजोबा गोलरक्षक, हिची आत्या महाभांडखोर, पण किक काय मारायची! लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. मीसुद्धा.

आमच्या घराचा विषय निघाला की मात्र माझं डोकं फिरायचं. घर आम्ही विकत घेतलं, रंगवलं, खिडकीत कढीपत्ता जगवला, तरी गावाच्या तोंडी ते 'पोस्टमनचं घर'. तो बिचारा जाऊन कैक वर्षं झाली! "आमचं घर," असं मी प्रत्येकाला सुधारून सांगायचे. लेक म्हणायची, "मॅम, लीव्ह इट, इट्स ग्रँड." इथे आईला मॅम म्हणतात, आणि ग्रँड म्हणजे नुसतं 'चालतंय'.

यंदा ती कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुलींच्या संघात आली, पण राखीव. आणि अंतिम सामना समालोचकांचाही शेवटचा होता. घशाने दगा दिला होता. आज उतरले नाही तर त्यांच्या तोंडून माझं नाव कधीच येणार नाही, असं ती सकाळी तिच्या इंग्रजीत म्हणाली आणि पोहे तसेच टाकून निघाली. मला धास्ती वेगळीच. हिचा आजोबा सांगलीचा, त्याने जन्मात चेंडूला पाय लावला नाही. समालोचक 'मूळची भारतातली' म्हणून मोकळे झाले तर? पोर तर इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली.

सामना संपत आला तेव्हा ती उतरली. चेंडू तिच्या हातात आला आणि माझ्या कानात तो बसका आवाज चढला. आधी तिचं नाव, मग, "पोस्टमनच्या घरातली! तो याच मैदानावर डाव्या बाजूने धावायचा. त्या घरातून पुन्हा कुणी उतरेल असं वाटलं नव्हतं हो!"

किक खांबाबाहेर गेली. मी भर स्टँडात रडत होते.

दुसऱ्या दिवशी पार्सलवाल्याचा फोन आला. त्याला घर सापडत नव्हतं.

"पोस्टमनचं घर विचारा," मी म्हटलं. "कुणीही सांगेल."