आतल्या खोलीतलं जेवण

गिरणीवर दळण टाकायला गेले होते, तर गिरणीवाला म्हणाला, "काकू, ती पोळ्या करणारी अक्का गेली ना सकाळी." त्याला महिना झाला. सुभद्राअक्का सगळ्या गल्लीला पोळ्या करणारी म्हणूनच माहीत. मला मात्र ती त्याच्याही आधी भेटलेली होती... आणि ते मी आजवर गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमचे हे तेव्हा जळगाव-धुळे एसटीवर ड्रायव्हर. पारोळ्याच्या पुढं एका हॉटेलवर गाडी थांबायची. ज्या हॉटेलवर गाडी थांबेल, तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला आतल्या खोलीत जेवण फुकट, ही तेव्हाची रीतच. डबा करावा लागत नाही म्हणून मी खूश होते. एकदा दोन पोरं घेऊन माहेरी धुळ्याला निघाले, ह्यांच्याच गाडीनं. आम्हीही आत बसलो. वाढायला सुभद्राअक्का. शेवभाजी झाली, भरीत झालं, मी पुन्हा मागून घेतलं. "बठ्ठं खाई टाका वं माय, ठेवू नका," म्हणाली. पोराचे हात धुवायला मागे गेले, तर ही आणि दुसरी बाई शिळी भाकरी पाण्यात कुस्करून मिरचीबरोबर खात बसलेल्या. मी हसत म्हटलं, "आम्हाला भरीत आणि तुम्हाला हे?" तीही हसली. "आमनं जेवण आज तुमना ताटमा गयं ना!"

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. तिनंच मग सांगितलं, पगारात या बायकांचं एक वेळचं जेवण धरलेलं. शेठ त्यांच्या वाट्याचं मोजून वेगळं काढायचा आणि आतल्या खोलीतली फुकट ताटं त्यातूनच जायची. विकायच्या भाजीला हात लावायचा नाही. जितक्या गाड्या जास्त, तितकं यांचं कमी.

माहेरी पोचल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हॉटेलवाला देतो, आपल्याला काय?"

"हॉटेलवाला कुठं देतो हो? ती देते!"

हे सरळ माणूस. पुढच्या खेपेला गल्ल्यावर जाऊन शेठला म्हणाले, "त्या बाईचं जेवण आम्ही खातो म्हणे. आमचं बंद करा, तिला द्या." शेठनं हात जोडले, गैरसमज झाला म्हणाला, आग्रहानं जेवू घातलं. आठ दिवसांत अक्काला काढून टाकलं. गाडीवाल्यांपुढं तोंड उघडते म्हणून! ह्यांनी तेव्हापासून डबा नेला. बाकीच्यांची जेवणं चालूच राहिली.

दोनेक वर्षांनी ती जळगावला आमच्याच गल्लीत पोळ्या करायला लागली. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. "अक्का, माझ्यामुळं..." असं मी कसंबसं म्हटलं. ती लाटत राहिली. मग म्हणाली, "आधी माले इचारानं व्हतं ना, बाई." बास. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी तिला आमच्याकडे कामाला ठेवलं आणि माझ्या मनाचं ओझं उतरलं.

अंगात रक्तच उरलं नव्हतं म्हणे तिच्या, गिरणीवालाच त्या दिवशी सांगत होता. हे ऐकलं आणि मला मुलीच्या सुपारीचा दिवस आठवला. पाहुणे वाढले, पोळ्या संपल्या. मी म्हटलं, अक्का, अजून वीस कर. तिनं केल्या. तिच्यासाठी काढून ठेवलेल्या चार पोळ्याही मीच उचलून पंगतीत नेल्या. चार वाजता ती पदराला हात पुसत गेली. जेवलीस का, हे मी विचारलं नाही... आणि तो काही एकच दिवस नव्हता.

आता दुसरी बाई येते. गॅसजवळ अक्का बसायची तिथंच पाट घेऊन बसते. मी तिचं ताट आधी वाढते आणि समोर ठेवते. ती ते हातानं बाजूला सारते. "राहू द्या काकू," म्हणते, "आधी घरच्यांचं होऊ द्या."