बाबांच्या पेटीचा दम

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. बाबांची गायन पार्टी होती. गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून पार देवरी, चिचगडपर्यंत जयंतीचे, लग्नांचे, नव्या विहारांचे कार्यक्रम ते करत. पेटीसोबत पत्रकांचा, पुस्तिकांचा एक गठ्ठा जाई. गाणं संपलं की बाबा त्या वाटत, उरलेल्या घरी येत, आणि मी त्या वाचून काढी. इतर मुलं राजा-राणीच्या गोष्टी वाचत होती त्या वयात मी समतेवरची प्रश्नोत्तरं वाचत होते. त्यामुळे माझं बोलणं लहानपणापासून सभेत उभं राहिल्यासारखंच. दादा म्हणायचा, "हिले पानी मागितलं तं हे आधी ठराव मांडते."

पार्टीत बाबा पेटी वाजवत आणि आई गायची. लग्नाआधी ती गायची नाही, म्हणजे चारचौघांत नाही. बाबांनीच तिला पहिल्यांदा सतरंजीवर आणून बसवलं आणि ज्यांनी नाकं मुरडली त्यांना पुढच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवलं. ती नेहमी बाबांच्या डाव्या हाताला बसे. पार्ट्यांमध्ये एक रीत असते. पेटीवाल्याची पेटी दुसरं कोणी उघडत नाही, भात्याला तर हातच लावत नाही. आई आयुष्यभर त्या पेटीशेजारी बसली, पण तिनं पेटीवरची धूळसुद्धा बाबांना विचारून पुसली.

मी बारावीत असताना बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालू लागला, डावा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा राहिला. भेटायला येणारे म्हणायचे, उजवा तर वाचला ना, देवाची कृपा. आमच्या घरी देवाची कृपा हा शब्द चालत नसे, आणि शिवाय त्यांना पेटी माहीत नव्हती. पेटीत उजवा हात पट्ट्यांवर चालतो आणि डावा मागचा भाता हलवतो. भात्यातून हवा येते म्हणून सूर निघतो. बाबांची बोटं पूर्वीसारखीच फिरत होती, पण पेटी मुकी होती.

पार्टीतल्या एकानं उपाय काढला. विहारात एका संध्याकाळी तो बाबांच्या बाजूला बसला आणि भाता हलवू लागला. आईनं गाणं उचललं. पहिलं कडवं संपायच्या आत बाबांनी पट्ट्यांवरून हात उचलला.

"काऊन गा काका, चुकलो का?"

"तू नाही चुकला बाबू. पन मी माह्या दमानं वाजवतो. दुसऱ्याच्या दमानं मले जमत नाही."

त्या दिवसापासून बाबांनी पेटी बंद केली आणि आईनं गाणं. तिला बोलावणी येत राहिली. हल्ली तयार संगीत मिळतं, नुसतं माइकसमोर उभं राहून गा, असं लोक सांगत. आई म्हणायची, "त्यायच्याशिवाय कायले गाऊ?" आणि शिलाई मशीनवर बसायची. घरात भांडण नव्हतं, रडणं नव्हतं. फक्त ज्या घरात सकाळी वंदनेनंतर एक तरी गाणं व्हायचं, तिथं आता मशीनचा आवाज होता. ती दोघं पुन्हा एकत्र गातील का, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता, आणि तो कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

दादानं गोंदियात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि तिथल्याच एका दुकानात ॲम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्त करायचा. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एका रविवारी तो एस्टीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला जुना कीबोर्ड होता. विजेवर चालणारा. त्याला भाता नव्हता.

त्याच महिन्यात मी एक पत्रक काढलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आला होता, छातीत धडधडायचं, आणि गाण्याचा एक शब्द कळायचा नाही. 'यंत्राचा गळा आपल्या गळ्यावर बसू देऊ नका' असं मी त्यात लिहिलं होतं. दादानं कीबोर्ड खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "घे, काढ दुसरं पत्रक. या वेळी आपल्याच घराविरुद्ध."

"काढीन," मी म्हणाले. "हे खेळणं बाबांसमोर ठेवायला लाज नाही वाटत?"

बाबांनी हात वर केला. आमच्या घरात तो सभापतीचा हात होता. मग त्याच हातानं त्यांनी कीबोर्डवर सा धरला. कीबोर्डमध्ये हार्मोनियमचा म्हणून एक आवाज होता. बाबांनी थोडा वेळ ऐकला.

"पेटीच आहे," ते म्हणाले. "पन दात घासून, पावडर लावून आली. लग्नाले निघाली वाटते."

दादा हसला नाही. त्यानं बाबांची पेटी मागितली, आणि बाबांनी ती दिली. मला तेव्हा कळलं की बाबांनाही हवं होतं.

दादाचं म्हणणं साधं होतं. कीबोर्डच्या पोटातला आवाज कुठल्या तरी परक्या पेटीचा आहे. आपण आपल्याच पेटीचा एकेक सूर लॅपटॉपमध्ये भरायचा आणि कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजेल असं करायचं. ऐकायला सोपं. पण आमच्या घराशेजारी धानाची गिरणी. ती चालू असली की भिंतीसुद्धा गुणगुणायच्या. म्हणून भारनियमनाची वाट पाहायची. लाइट गेली की सगळं गाव घामाघूम होऊन चिडायचं आणि आमच्या घरी दादा ओरडायचा, "गेली! बसा, बसा!" गिरणी बंद, पंखे बंद, लॅपटॉप बॅटरीवर. बाबा पट्टी धरायचे. भाता हलवायला मला बसवलं, कारण आईनं रीत मोडायला नकार दिला. एका वरच्या सुरात शेजारच्यांचा कोंबडा आला. तो सूर दादानं चुकून तसाच ठेवला होता. त्यामुळे कितीतरी दिवस वरचा नि दाबला की कुठून तरी लांबून कोंबडा आरवायचा आणि बाबा म्हणायचे, "उठा, सकाळ झाली."

सगळे सूर भरून झाले. बाबांनी वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तं भाषण देऊन राहिली."

खरंच होतं. मी जशी बोलते तसाच भाता हलवला होता, प्रत्येक शब्दावर मूठ आपटत. प्रत्येक सूर धक्का देऊन सुरू होत होता. आम्ही पुन्हा लाइट जाण्याची वाट पाहिली, आणि या वेळी मी भाता हळू सोडायला शिकले. मला ते फार अवघड गेलं.

दुसरी अडचण उशिराची होती. पट्टी दाबल्यावर आवाज किंचित मागून यायचा. माझ्या कानाला कळायचाही नाही. बाबांना कळायचा. "बोट गोरेगावात ठेवतो अन् सूर गोंदियावरून येते. तेही लाल गाडीनं." दादानं दुकानातून एक छोटं यंत्र आणून लॅपटॉपला जोडलं. मग सूर वेळेवर येऊ लागला.

दादानं सुरुवातीला आणखी एक गोष्ट केली होती, अगदी शिकलेल्या माणसासारखी. त्यानं सूर स्वच्छ केले होते. भात्याची फुसफुस काढली. प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन पातळ जिभा एकदम वाजतात आणि जुन्या पेटीत त्या दोघी तंतोतंत जुळत नाहीत. दादानं त्या जुळवून टाकल्या. बाबा म्हणाले, "दोन बहिनी एका खोलीत राहतात. थोडी कुरकुर असनारच. तू एकीले घराबाहेर काढलं." मग दादानं ती कुरकुर परत आणली, फुसफुस परत आणली, आणि आवाज एकदम आमच्या घरातला झाला. आई मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिली.

खरा प्रश्न उरला तो हवेचा. कीबोर्डवर बोट ठेवलं की सूर ठेवला तेवढा वेळ वाजतच राहतो. पेटीत तसं नसतं. हवा संपली की सूर बसतो. बाबा म्हणायचे, जो थकत नाही तो गात नाही. दादा जेवताना, चालताना त्या हवेचंच बोलत असे. मी पायपेटी सुचवली. जुन्या नाटकवाल्यांकडे असायची, पायानं हवा भरायची पेटी. पण तिला दोन्ही पाय लागतात, आणि बाबांचा एकच पाय ऐकत होता.

शेवटी दादाची नजर आईच्या मशीनकडे गेली. तिच्या मशीनला मोटर होती आणि मोटरला पायाखालचं पेडल. आई ब्लाउज शिवत होती.

"आई वो, हे पेडल दे."

"अन् मी कायनं शिवू? तुह्या डोक्यानं?"

तरी तिनं दिलं, आणि पुढे बरेच दिवस हातानं चाक फिरवून शिवलं. दादानं पेडलाच्या आतला भाग बदलला, तार लॅपटॉपला जोडली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाय दाबला की एका न दिसणाऱ्या भात्यात हवा भरेल. सूर वाजतील तशी ती संपेल. जास्त पट्ट्या धरल्या तर लवकर संपेल. पाय थांबला तर सूर हळूहळू बसेल, आणि बसता बसता किंचित खाली उतरेल, आमच्या पेटीचा उतरायचा तसा.

बाबांनी उजवा पाय पेडलवर ठेवला, सा धरला आणि पाय थांबवला. सूर मावळला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा थांबवला. चेहऱ्याची एकच बाजू हसली, कारण दुसरीला येत नव्हतं. मी पत्रकवाली, यंत्राच्या गळ्याची वैरीण, मला तिथं उभं राहवेना. मी अंगणात जाऊन उगाच तुळशीसारख्या दिसणाऱ्या रानसब्जाला पाणी घातलं.

पुढच्या जयंतीचा एप्रिल जवळ आला होता. बाबांनी पार्टीला तयारीला लागा असा निरोप पाठवला. आई हात पुसत येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसली, नेहमीच्या जागी. बाबांनी चाल वाजवली. आईनं तोंड उघडलं आणि शब्द चुकीच्या जागी पडला. पुन्हा वाजवली. ती थांबून राहिली आणि जागा निघून गेली. तिसऱ्यांदा ती लवकर आली. इतकी वर्षं एकदाही न चुकलेली बाई. ती उठली आणि चुलीकडे गेली.

दादाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आवाजच चुकला. त्यानं पुढचे काही दिवस सगळं खोलून पाहिलं, फुसफुस वाढवली, कमी केली. मी त्याला म्हणाले, "सोड. यंत्र ते यंत्रच." तो म्हणाला, "तू गप्प राह्य वो, सभा संपली."

बोलली शेवटी आईच. भाकरी थापता थापता, आमच्याकडे पाठ करून.

"सूर बरोबर आहे रे. सूर त्यायचाच आहे."

"मग?"

"मले कुठं पाहू ते समजत नाही."

आम्हाला काही कळलं नाही. तिनं हात थांबवला.

"मी काय सूर ऐकून उचलायची का? मी त्यायचा हात पाहायची. त्यायनं भाता उघडला का मी दम घ्यायची. त्यायनं दाबला का मी शब्द सोडायची. आता तो हात मांडीवर पडला आहे. मी त्याच्याकडं पाहतो अन्..." ती पुन्हा भाकरी थापू लागली.

आमच्यातल्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं, बाबांनाही नाही. दादानं पेटीतली सगळी हवा मोजली होती, पण ती हवा पेटीबाहेर आणखी एका छातीत जात होती हे त्यात कुठेच नव्हतं.

बाबा ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. तिचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी पायातली चप्पल काढली, पायजमा घोट्यापर्यंत वर ओढला आणि पेडलवर पाय ठेवला. अंगठा वर उचलला, मग खाली दाबला. पुन्हा वर, पुन्हा खाली. सूर एकही वाजवला नाही. आई पिठाच्या हातानं बघत राहिली. मग ती आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली.

जयंतीला विहारासमोर मांडव होता. बाबांसाठी खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर कीबोर्ड. सजावटवाल्या मुलांनी टेबलाला पुढून आणि बाजूनं निळं कापड लावलं होतं, छान चुण्या घालून. आई आली, तिनं बाजूच्या टाचण्या काढल्या आणि कापड गुंडाळून टेबलावर टाकलं.

"मावशी, तारा दिसून राहिल्या ना!" एक मुलगा म्हणाला.

"दिसू दे. मले पाय दिसला पाहिजे."

बाबांनी पाय उचलला. आईची छाती भरलेली मला मागच्या रांगेतून दिसली. पाय खाली आला आणि शब्द त्याच्यासोबत आला.

डीजेविरुद्धचं ते पत्रक मी मागे घेतलं नाही. आजही तेच लिहीन. पण त्या रात्री गावात चर्चा दुसरीच होती. शेजारच्या काकू जेवणाच्या पंगतीत आईला म्हणाल्या, "काऊन वो बाई, आधी तं कशी मान वर करून गायची. आज सारा वेळ खाली पाहून राहिली होती. म्हातारपनी नवऱ्याले लाजून राहिली का?"

"हो," आई म्हणाली. "लाजून राहिली."

आणि तिनं बाबांच्या ताटात भात वाढला.