रिकामी अवतरणचिन्हं

दर मंगळवारी सकाळी मला एक ईमेल येते. आमच्या धंद्यातल्या बातम्यांची. कुठलं साधन नवीन आलं, कुठलं बंद पडलं, ब्राउझरला काय नवीन जमायला लागलं. मी वेबसाइटी बांधतो, वीस वर्षं हेच करतोय, आणि वीस वर्षांत एक गोष्ट नीट शिकून झाली नाही तोच ती जुनी ठरलेली. हल्ली तर कोडही यंत्र लिहितं आणि आम्ही शाळामास्तरांसारखे त्याच्या चुका काढत बसतो. पूर्वी मी यावर चिडायचो. आता गॅलरीत आरामखुर्चीत पडून वाचतो. समोर बहावा फुललेला असतो, ऊन पिवळं होऊन आत येतं, आणि अर्ध्या बातम्या मी वाचतो तर अर्ध्या झोपेत रचतो.

अशाच एका मंगळवारी एका तपासनीस साधनाची बातमी होती. त्याला वेबसाइट दाखवायची, मग ते सांगतं की ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला ती कितपत वापरता येईल. करून बघावं म्हणून मी घरचंच एक पान त्याच्यापुढे टाकलं. बाबांच्या पंचाहत्तरीला मी ते केलं होतं. वर त्यांचं नाव, खाली त्रेचाळीस फोटो. फोटोंखाली एक अक्षर नाही. मजकुराने पान बिघडतं असं माझं ठाम मत. बाबा तेव्हा म्हणाले होते, "छान आहे. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीसारखं दिसतंय." दोन वर्षांनी ते खरंच गेले.

तपासनिसाने त्रेचाळीस चुका लाल केल्या. प्रत्येक फोटोच्या मागे एक ओळ लिहायची सोय असते. ती पानावर दिसत नाही, पण ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ती वाचून दाखवतो. मी एकही लिहिली नव्हती. आता त्रेचाळीस ओळी कोण लिहीत बसणार? आमच्यात यावर एक पळवाट सगळ्यांना ठाऊक असते: ओळीच्या जागी नुसती रिकामी अवतरणचिन्हं टाकायची. त्याचा अर्थ, हे चित्र शोभेचं आहे, सोडून पुढे जा. एका फटक्यात मी सगळीकडे ती टाकली. शंभरपैकी शंभर! हिरवंगार वर्तुळ बघून मी खूश झालो आणि पुन्हा डोळे मिटले.

पुढे आईच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला. तिचं दिसणं मधोमध गेलं, कडा राहिल्या. "दार दिसतं रे," ती म्हणायची, "दारात कोण आहे ते दिसत नाही." मी तिच्या फोनवर वाचून दाखवण्याची सोय चालू करून दिली. जिथे बोट ठेवू तिथलं एक बाई मराठीत वाचते. आई तिला 'ती बाई' म्हणते आणि तिचे उच्चार सुधारते. 'ळ' तिला नीट येत नाही यावर आईचा विशेष राग.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर मी पडलो होतो. पंख्याची घरघर, दूर कुठेतरी कुकरची शिट्टी, आणि त्यातून त्या बाईचा आवाज. बाबांचं नाव. मग शांतता. पुन्हा बाबांचं नाव, पुन्हा शांतता. आधी वाटलं मी स्वप्नातच आहे. उठून पाहिलं तर आई बाबांच्या पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत होती.

"पान रिकामं झालंय का रे?" ती म्हणाली. "ती बाई नाव घेते आणि गप्प बसते."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"मला यांचा चेहरा आठवेनासा झालाय," ती म्हणाली. "काल दिवसभर आठवत होते. चष्मा आठवला. चेहरा काही केल्या येईना."

शरम म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. बाबा शोभेचे, सोडून पुढे जा, असं त्रेचाळीस वेळा मीच लिहून ठेवलं होतं. आणि वर शंभरपैकी शंभर.

त्याच आठवड्याच्या ईमेलमध्ये चित्राचं वर्णन आपोआप लिहिणाऱ्या साधनाची बातमी होती. मी घाईघाईने त्यालाच कामाला लावलं आणि फोन आईच्या हातात दिला. बाई वाचू लागली, "एक वृद्ध पुरुष फळबाजारात उभा आहे. त्याच्या हातात पिशवी आहे."

"पंचनामा केलाय का?" आई म्हणाली. "आणि वृद्ध कोण? मंडईतला ना तो? चौपन्न वर्षांचे होते तेव्हा. पिशवीत पेरू आहेत. एक पेरू दाबून बघितला म्हणून पेरूवाली ओरडली, म्हणून हे हसतायत. लिही."

मी लिहिलं. मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. बुधवार पेठेतून आणलेल्या सुट्या भागांचा रेडिओ आणि त्यावर वाकलेले बाबा, एक भुवई वर. "नेहमी डावीच," आई म्हणाली. येरवड्याच्या जुन्या क्वार्टरपुढे स्कूटर पुसणारे बाबा, गालावर काळा डाग, तो आपला आपल्याला दिसत नाही म्हणून ऐटीत. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. मला वाटत होतं, दिसेनासं मला झालंय आणि आई मला वाचून दाखवतेय. फोटो सगळे तिनेच काढलेले. त्यामुळे ती एकातही नव्हती.

"पर्वतीच्या पायऱ्यांचा आला का?" तिने विचारलं. "त्यात खाली माझी सावली आली होती. हे कायम चिडवायचे, बायको फोटोत घुसली म्हणून."

मी पाहिलं. सावली नव्हती. चौकटीत नीट बसावा म्हणून मीच तो फोटो खालून कापला होता.

"आहे ना रे?"

"थांब जरा," मी म्हणालो. जुन्या डिस्कवर मूळ फोटो शोधला आणि तो आख्खा चढवला. चौकट वेडीवाकडी झाली, होऊ दे. मागे ओळ लिहिली आणि आईचं बोट धरून त्यावर ठेवलं.

बाई वाचू लागली, "पर्वतीच्या पायऱ्यांवर बाबा. डावी भुवई वर. उन्हाने डोळे बारीक झालेत, तरी फोटो काढणाऱ्या आईकडेच बघतायत. खाली आईची सावली, त्यांच्या चपलांना टेकलेली."

आईने बोट उचललं नाही. बाईने पुन्हा वाचलं. मग आई फोनवर वाकली आणि बाबांना हाक मारायची तशी हळूच म्हणाली, "अहो, ऐकलंत का? मीही आहे."