तिला पाणी घालायचं नाही

भात झोडून झालं होतं. बायको खळ्यावर पेंढ्यातच झोपली. पहाटे उठून म्हणाली, बोटाला काहीतरी डसलं, मुंगी असेल. मुंगी कसली, मण्यार होती. ऊन वर आलं तोवर पापण्या उचलेनात, जीभ जड झाली. घरचे म्हणत होते मांत्रिकाकडे न्या. मी कुणाचं ऐकलं नाही. मिरजोळ्याहून डोलीत घालून रत्नागिरीच्या इस्पितळात आणली. तिथे पोचलो आणि तिचा श्वासच थांबला.

डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्या तोंडातून श्वासनळीत नळी घातली, नळीला काळी रबरी पिशवी लावली आणि दाबायला लागला. छाती वर आली. म्हणाला, विषावरची लस दिली आहे, पण विष उतरेपर्यंत श्वास आपणच द्यायचा. परदेशात अशी माणसं जगवली, हे त्याने नुकतंच वाचलं होतं. आमच्याकडे कुणी केलेलं नव्हतं. मी, मेव्हणा आणि वॉर्डबॉय आळीपाळीने बसलो. डॉक्टर मला म्हणाला, तुझ्या श्वासाबरोबर दाब. पण घाबरू नको, तू धापा टाकल्यास तर तीही टाकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. त्यांना मी मामी म्हणायचो. पोर लाकडासारखी पडलेली, डोळे मिटलेले. मामी म्हणाल्या, ही गेली, तुम्ही नुसता वारा भरताय. त्यांनी तुळशीचं पान काढलं, तांब्या उचलला. आमच्यात पाण्यावाचून कुणाला पाठवत नाहीत. आणि डॉक्टरने बजावलेलं, तोंडात थेंब नको, फुफ्फुसात जाईल. मेव्हणा आणि वॉर्डबॉय चहाला गेलेले. माझे दोन्ही हात पिशवीवर. सोडले तर ती मेली, नाही सोडले तर मामी पाणी घालणार. माझा श्वास वाढला, तशी तिची छाती भराभर हलायला लागली.

"मामी, ती मेलेली नाही. पाणी घातलंत तर तुम्ही माराल तिला."

"आणि तहानलेली गेली तर? तुम्ही देणार काय मागाहून?"

"मी देईन. माझ्या हाताने देईन. आत्ता तांब्या खाली ठेवा."

मामींचा हात तिच्या ओठाशी होता. तेवढ्यात तिच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं, कानाकडे ओघळलं. मामींनी पदराने टिपलं. पुन्हा आलं. मामी तांब्या मांडीत धरून खालीच बसल्या.

ती वाचली. बोलता यायला लागलं तेव्हा म्हणाली, "सगळं ऐकत होते. तुमचं भांडण पण."

गेल्या महिन्यात ती गेली, म्हातारी होऊन, घरातच. पोरं म्हणाली, बाबा, पाणी घाला. मी भांडं हातात धरून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. पोरांना वाटलं, बाप खुळावला. डोळे कोरडेच राहिले. मग घातलं.