टेबलाच्या फटी

रविवारची जेवणं उरकलेली आहेत. रेवती गॅलरीतल्या टेबलावर हात पसरते, हातावर डोकं टेकवते. बोटांना सकाळचा सरस अजून चिकटलाय, पण उठून खरवडायचा कंटाळा आलाय.

हे टेबल तिनं आणि तिच्या सासऱ्यांनी, नानांनी मिळून केलेलं. एका कारखान्यातून आणलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या, घरचीच करवत. नाना एसटीत ड्रायव्हर होते. सुतारकाम निवृत्तीनंतरचं, हौसेचं. पौषात नाना गेले आणि उन्हाळ्यात फळ्या आकसल्या. फटींत भात अडकतो, मुंग्या लागतात. सकाळीच तिचा नवरा शैलेंद्र म्हणाला, "पुरे आता. हे देऊन टाकू, नवं आणू." ती तिसऱ्यांदा भुसा आणि सरस कालवून फटी भरत बसली. वाळल्यावर त्याचेही तुकडे पडले.

डोळे जड होतात. खालच्या रस्त्यावरचा आवाज लांब जातो.

"डोकं उचल पोरी. फळी बघू दे."

समोर नाना उभे आहेत, खाकी कपड्यांत.

"नाना, तुम्ही तर..."

"हो हो, माहितीये मला. तू डोकं उचल."

ती डोकं उचलते. नाना नखानं फट खरवडतात. "काय भरलंस?"

"भुसा नि सरस. दर वेळी निघून येतंय."

"येणारच. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं. तू त्याला जखडून टाकतेस. ते कुठं जाईल बिचारं?"

गॅलरीला हलका हिसका बसतो. कठड्याच्या जागी खिडक्या आहेत, बाहेर सप्तशृंगीचा घाट. टेबलाच्या फळ्या पायाखाली पसरल्यात आणि फटींतून रस्ता पळताना दिसतोय. नाना स्टिअरिंगवर. रेवती दोन्ही पाय वर घेते.

"खालचं सगळं दिसतंय हो!"

"जुन्या गाड्या अशाच होत्या. लोक शेंगा खायचे, टरफलं खाली पडायची. झाडायचं कामच नाही." नाना स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसतात, तसेच, खांदे हलवत.

वळण येतं. वळणापलीकडे तिचंच स्वयंपाकघर आहे. नाना पाटावर बसून लाकडाची पट्टी कापतायत.

"फटीपेक्षा कणभर बारीक काढायची. सरस लावायचा तो एकाच कडेला. दुसरी कड मोकळी."

"मोकळी ठेवली तर पडेल ना?"

"एका बाजूनं धरलेलं असतं की. तेवढं पुरतं."

रेवती त्यांच्या हातांकडे बघत राहते. मग पौषापासून मनात राहिलेलं विचारते. "नाना, शेवटच्या दिवशी तुम्ही हातानं काहीतरी सांगत होता. तोंडात नळी होती. आम्हाला कुणालाच कळलं नाही. काय सांगायचं होतं?"

नाना करवत थांबवतात.

"चहा मागत होतो."

"चहा?"

"मग काय! तुम्ही सगळे गळे काढून बसलात. एकानंही आधण ठेवलं नाही."

तिला हसू फुटतं, आणि हसता हसता डोळे भरून येतात. ती आलं ठेचते, दूध ओतते. नाना बशीत चहा ओतून फुंकर घालतात, आवाज करत पितात, बशी टेबलावर ठेवतात.

"झकास. साखर तेवढी कमी पडली."

"तुम्हाला शुगर आहे."

"आता कसली शुगर, वेडे!"

"रेवती..."

हा आवाज शैलेंद्रचा. ती दचकून मान वर करते. दुपार कलली आहे. गालावर फळीची रेघ उमटली आहे.

"एकटीनंच चहा घेतलास होय?" शैलेंद्र टेबलाकडे बोट दाखवतो.

फळ्यांवर चहाचा गोल डाग आहे. अर्धा एका फळीवर, अर्धा दुसरीवर. कपाच्या बुडापेक्षा बराच मोठा. रेवती त्यावर बोट ठेवते. ऊन ऊन आहे.

"एकटीनं नाही," ती म्हणते. "फटींत पट्ट्या बसवायच्या, एकाच कडेला सरस लावून."

शैलेंद्र डागाकडे वाकून बघतो. या घरात बशीतून चहा पिणारं आता कुणी नाही. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसतो.

"करवत माळ्यावर आहे," तो हळूच म्हणतो. "काढू?"