एस्तेरअक्काला नाताळच्या दिवशी गेटवर अडवलं होतं

आज सकाळी चर्चच्या ग्रुपवर एस्तेरअक्काचा फोटो आलाय. खाली लिहिलंय, "आमची लाडकी कोविड योद्धा."

लाडकी?

हिलाच तुम्ही नाताळात चर्चमध्ये येऊ दिलं नव्हतं. मी तिथे होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

एस्तेरअक्का म्हणजे धुळ्यात आमच्या गल्लीत, आमच्या शेजारी राहणारी. आयुष्यभर दवाखान्यात आया म्हणून राबली. रिटायर झाली, कोरोना आला, आणि माणसं मिळेनात म्हणून कोविड वॉर्डात परत गेली.

तिच्या भाच्याने नको म्हटलं. मीही म्हटलं.

तर म्हणे, "पोरी, तठे लोकेस्ले पानी पाजाले कोनी नही शे."

त्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या सेक्रेटरींची आई त्याच वॉर्डात होती. घरच्यांना आत जाता येत नव्हतं. सेक्रेटरी रोज अक्काला फोन करायचे. "अक्का, आईला तेवढं पाणी पाजा. अक्का, व्हिडिओ कॉल लावून द्या ना."

अक्काने पाजलं. फोन धरून उभी राहिली. शेवटच्या दिवशी म्हातारीच्या कानाशी स्तोत्र म्हटलं आणि तिचे डोळे मिटले.

हे मला अक्काने नाही सांगितलं. आईच्या दफनाच्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः सांगितलं होतं. रडत.

मग डिसेंबर आला.

रात्रीची उपासना बंद. सकाळी, मोजक्या लोकांत, मास्क लावून नाताळ करायचा असं ठरलं. मोजके म्हणजे कोण, ते कमिटीने ठरवलं. मी क्वायरमध्ये गाते, म्हणून माझं नाव यादीत.

अक्काचं नव्हतं.

तरी ती आली. ठेवणीतली जांभळी साडी, दोन मास्क, हातात सांजोऱ्यांचा डबा. दरवर्षी तिच्याच सांजोऱ्या असायच्या चर्चमध्ये. प्रार्थनेच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला टेस्टचा रिपोर्ट.

निगेटिव्ह.

सेक्रेटरी गेटवर उभे. म्हणाले, "अक्का, समजून घ्या. तुम्ही वॉर्डात काम करता. लोकांना भीती वाटते."

"भाऊ, रिपोर्ट शे ना. मी कंपाउंडात बसस. मझार येत नही."

"तरी पण. कोणाला काही झालं तर?"

डबासुद्धा घेतला नाही हो!

आणि आत पहिल्या बाकावर कोण? सेक्रेटरींचा मुलगा. आदल्या आठवड्यात पुण्याला लग्नात नाचून आलेला. फोटो आम्ही सगळ्यांनी लाइक केले होते. त्याला कोणी रिपोर्ट विचारला नाही.

मी गेटजवळ थांबले. काय बोलावं सुचेना. अक्काच म्हणाली, "तू जाय मझार. गानं चुकाडू नको."

मी आत गेले.

मी गेले आत.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश कशावर केला माहितीये? मरिया आणि योसेफला उतारशाळेत जागा मिळाली नाही, यावर. प्रभूशपथ सांगते. सगळे माना डोलवत होते.

प्रभुभोजन झालं, भाकर-द्राक्षरस सगळ्यांना मिळाला. गेटकडे कोणी गेलं नाही.

उपासना संपल्यावर मी पळत बाहेर आले. अक्का निघून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट. अक्काला वॉर्डातच लागण झाली. नऊ दिवसांत संपलं. मला एकदाही भेटता आलं नाही.

तिचं स्वतःचं मूलबाळ नव्हतं. दफनाची परवानगी काढायला मी आणि तिचा भाचा धावत होतो. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन.

"आपल्या दफनभूमीत नको. दुसरीकडे बघा. आजूबाजूचे लोक ओरडतील."

नाताळात माझी वाचा बसली होती. त्या दिवशी नाही बसली.

मी म्हटलं, "तुमच्या आईलाही कोरोनाच झाला होता ना? तिला तिथेच पुरलं. तेव्हा आजूबाजूचे लोक कुठे गेले होते?"

मी तिथेच थांबले नाही.

"मी अक्काला घेऊन येतेय. गेट बंद दिसलं, तर हेच सगळ्यांसमोर विचारीन."

अर्ध्या तासात किल्ली आली. सेक्रेटरी आले नाहीत.

पाळकसाहेब धरून आम्ही जेमतेम पाच जण होतो. भिंतीबाहेर एक माणूस गाडी लावून उभा होता. टोपी हातात. अनोळखी. पाळकसाहेबांनीच विचारलं, कोण आपण?

"मी शिंदखेडाकडना. डिसेंबरमा वॉर्डात व्हतू. पोटना पोऱ्यानागत पेज पाजे ती माय माले."

मग त्याने सांगितलं. नाताळच्या दिवशी सुट्टी असून अक्का दुपारी वॉर्डात आली. पीपीई किट घालून. ज्यांना खाता येत होतं त्यांना एकेक सांजोरी दिली. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या पायाशी बसून गाणं म्हटलं. त्याने विचारलं, आज तुमचा सण ना, इथे कशी?

अक्का म्हणाली, "घरमा करमत नही."

गेटवरचं एक अक्षर बोलली नाही ती तिथे. कोणाचीच बदनामी केली नाही.

पाळकसाहेब खाली बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बाहेर यायला हवं होतं." आणि त्या भाऊंना आत बोलावून पहिली माती त्यांना टाकायला सांगितली.

पाळकसाहेबांनी कबूल तरी केलं. बाकीच्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. म्हणून हे लिहिलं. कोणाला राग आला तर येऊ द्या. ग्रुपमधून काढायचं तर काढा.

अक्का, तू माफ करून मोकळी झाली असशील. तुझा स्वभावच तसा.

मला अजून जमलेलं नाही. त्यांना नाही, आणि त्या दिवशी तुला सोडून आत गेलेल्या मलाही नाही.

प्रभूच्या घरी सुखाने राहा, अक्का.

तुझी शेजारची पोरगी.