जाधव सरांचा डबा

डबे शोधणाऱ्या माणसांची एक गंमत असते. डबा सापडो न सापडो, घरी येताना एक किस्सा हमखास सापडतो! आमच्या हुबळी-धारवाडच्या जिओकॅशिंग ग्रुपकडे असे इतके किस्से साठलेत, की वार्षिक समारंभात बक्षिसं चटकन उरकतात आणि किस्से जेवण गार होईपर्यंत चालतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना तो समजावणं ही एक शिक्षाच. आमचे अध्यक्ष शिंदे वकील यांनी ती भोगलीय. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर भर दुपारी ते एका बाकाखाली डोकं घालून बसले होते. मागून हवालदाराचा आवाज आला, "एन हुडकाकत्तीरि, सर?" काय शोधताय?

वकीलच ते! बाहेर येऊन त्यांनी अथपासून इतिपर्यंत युक्तिवाद केला. कुणीतरी डबा लपवतो, त्या जागेचे आकडे मोबाइलवर टाकतो, आपण उपग्रहाच्या मदतीनं तिथं पोचायचं आणि डबा हुडकायचा.

"मग डब्यात काय असतंय?"

"कागद. त्यावर सही करायची आणि डबा होता तिथं परत ठेवायचा."

हवालदार त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाला, "घरात कोण कोण असतात, सर? नंबर सांगा, मी फोन लावतो."

*

तेव्हापासून आम्ही खरं सांगणं बंद केलं. माझं ठरलेलं उत्तर, "कानातलं पडलंय."

रायापूरच्या एका गल्लीत मी हे उत्तर दिलं आणि फसले. अर्धी गल्ली खाली वाकली! एक काकू तर खराटा घेऊन आल्या आणि थोड्या वेळात ओरडल्या, "सापडलं बघा, अक्का!" त्यांच्या हातात खरंच सोन्याचं कानातलं होतं. माझं नव्हे म्हणायला मी तोंड उघडतेय तोच वरच्या गॅलरीतून किंकाळी आली, "अगं बाई, ते माझं! दिवाळीपासून हुडकायलेय!"

डबा राहिला बाजूलाच. आता मी त्या गल्लीत पाऊल टाकलं की लोक आपापल्या हरवलेल्या वस्तू सांगायला येतात. परवा एकानं एक चप्पल आणून दाखवली. "अक्का, हिची जोडी तेवढी बघा की!"

*

पण खरे किस्से आमच्या जाधव सरांचे. निवृत्त भूगोल शिक्षक, जगाचा नकाशा तोंडपाठ. त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, 'उत्कृष्ट लपवणूक'ची ढाल. दर वर्षी ती दुसऱ्याच कुणाच्या तरी शोकेसमध्ये जाऊन बसायची.

या वर्षी सरांनी नवनगरच्या बागेत असा डबा लपवला की कुणाच्या बापाला सापडेना. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. आमचा नियम असा, की आतल्या कागदावर निदान एक तरी सही हवी, नाहीतर बक्षीस नाही. लपवणाऱ्यानं स्वतः डबा उघडायचा नाही. म्हणजे डबा सापडत नाही म्हणून सरांची कॉलर ताठ, आणि सापडत नाही म्हणूनच रात्री झोप नाही!

त्यांनी ग्रुपवर खुणा टाकायला सुरुवात केली. आधी 'पाण्याजवळ'. मग 'पाण्याच्या टाकीजवळ'. मग 'टाकीच्या मागे'. शेवटी टाकीचा फोटोच टाकला, वर लाल बाण काढून!

वकिलांनी लगेच खाली लिहिलं, "बाण दिशाभूल करण्यासाठी आहे. सर इतके सोपे नाहीत."

*

मग सर रोज सकाळी स्वतःच टाकीशी जाऊन उभे राहायला लागले. आम्हाला वाटलं, पहारा देतायत! जो येईल तो त्यांना नमस्कार करून पुढच्या झाडाखाली शोधायचा.

मीही गेले. पेन्शन, गुडघे, भाजीचे भाव एवढं सगळं बोलून निघाले, तर सर मागून केविलवाणे ओरडले, "अहो, जाता जाता विटा तरी बघा!"

मी म्हटलं, "बघितल्या की! छान आहेत!"

*

समारंभ नवनगरलाच होता. सर कोट घालून पहिल्या रांगेत देव पाण्यात घालून बसले होते. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मागं चिवड्याच्या बशा भरत होत्या. वहिनी आमच्या खेळाला रिकामे उद्योग म्हणतात आणि वर्षातून एकदा चिवडा वाढायलाच येतात.

वकिलांनी माइक हातात घेतला. "जाधव सरांचा डबा ही या वर्षीची सर्वोत्तम लपवणूक आहे, यात वाद नाही. पण नियम म्हणजे नियम. डबा कुणालाच सापडलेला नाही, त्यामुळे ढाल..."

सरांचा चेहरा बघवेना. कोटाच्या बटणाशी चाळा करत ते खाली बघत बसले होते. इतकी वर्षं त्यांची चेष्टा करणारी मी, पण त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं.

"कुठला डबा?" मागून वहिनींचा आवाज आला. "निळ्या झाकणाचा? तो मला सापडलाय की!"

सगळा हॉल मागं वळला. सर तर उठून उभेच राहिले.

"कुठं सापडला, वहिनी?" वकिलांनी माइकवरूनच विचारलं.

"बागेत. टाकीच्या मागं, सुट्या विटेआड." वहिनींनी डाव खाली ठेवला. "मी काय तुमचा डबा हुडकायला गेले नव्हते. डॉक्टरांनी बंद केलेल्या सिगारेटी हे तिथंच ठेवतात. किती उरल्यात ते बघायला मी दर शनिवारी जाते."

माझ्या शेजारच्यानं तोंडातला चिवडा तसाच धरून ठेवला. वकील ढालीकडे बघायला लागले.

सर खुर्च्यांमधून वाट काढत वहिनींच्या समोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"ते घरी बोलू," ते म्हणाले. "कागदावर सही केलीस का?"